चंद्रावर गेले आणि परत आले

कोजागिरीची रात्र होती. आमगावच्या आमच्या वर्गाचा धडा संपला होता, पण उठायला कोणी तयार नव्हते. अंगणात चूल मांडली होती. तिच्यावर दूध आटत होते. गावाबाहेर बांध्यांमधले हलके धान पिवळे पडले होते. चंद्र झाडांच्या वर आला होता आणि सगळे त्याच्याकडे पाहत बसले होते.

वर्गातल्या सर्वांत वयस्कर आजीने विचारले, "गुरुजी, पोट्टे म्हणतात का चंद्रावर माणूस जाऊन आला. खरं आहे का जी?"

आम्ही उत्तर देण्याआधीच एक तरुण म्हणाला, "मोबाईलवर त दाखवतात का सगळं खोटं आहे. एका खोलीत नाटक केलं अन् फोटो काढले."

मागे एक बाई बसली होती. तिचा घरधनी नागपूरला कामाला गेला होता. ती हळूच म्हणाली, "जायचं काय जी, माणूस कुठंबी जाते. पण परत कसे आले? तिथं ना हवा, ना पाणी."

आम्ही म्हणालो, "बाई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलेत. खरी अडचण जाण्याची नव्हतीच. परत येण्याची होती." मग दूध आटेपर्यंत आम्ही जे सांगितले, तेच इथे लिहीत आहोत.

चंद्र किती दूर आहे?

चंद्र आपल्याला झाडामागे लपल्यासारखा दिसतो. लहान मूल त्याला हात लावू पाहते. पण तो पृथ्वीपासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे.

हा आकडा नुसता वाचून कळत नाही. आपल्या आमगाव स्टेशनवरून मुंबईला जाणारी गाडी डोळ्यांपुढे आणा. आमगाव ते मुंबई हे अंतर सुमारे हजार किलोमीटर. मुंबईला जाऊन परत यायचे, अशा एकशे नव्वद खेपा केल्या तर चंद्राएवढे अंतर होईल. तासाला ६० किलोमीटर धावणारी गाडी कुठेही न थांबता चंद्राकडे निघाली, तर तिला पोचायला जवळजवळ नऊ महिने लागतील.

वाटेत स्टेशन नाही. पाण्याचा नळ नाही. हवासुद्धा नाही. म्हणजे श्वास घ्यायची हवा, प्यायचे पाणी, खायचे अन्न आणि परतीचे इंधन हे सारे घरूनच न्यायचे. वाटेत काही संपले, तर उसने द्यायला शेजारी नाही.

अग्निबाण कसा चालतो?

विमान हवेच्या आधाराने उडते. जिथे हवा नाही, तिथे विमान निकामी. तिथे अग्निबाण लागतो.

एक फुगा फुगवा आणि त्याचे तोंड न बांधता सोडून द्या. हवा मागे सुटते आणि फुगा पुढे पळतो. अग्निबाणाचे तसेच आहे. इंधन जळते, तापलेला वायू मागे जोराने सुटतो आणि अग्निबाण पुढे जातो. जळायला प्राणवायू लागतो. तोही अग्निबाण आपल्याबरोबरच नेतो.

पण इंधनाचे ओझे फार. ते ओझे उचलायला आणखी इंधन लागते. यावर एक युक्ती काढली. अग्निबाणाचे तीन टप्पे केले. पहिल्या टप्प्यातले इंधन संपले, की तो रिकामा डबा टाकून द्यायचा. मग दुसरा पेटवायचा. मग तिसरा. लांबच्या वाटेवर रिकामी पोती कोण वाहील?

चंद्राकडे माणसे नेणाऱ्या अग्निबाणाचे नाव होते सॅटर्न पाच. उंची ११० मीटर. इंधन भरल्यावर वजन सुमारे २९०० टन. एवढा डोंगर निघाला, आणि शेवटी माणसांना घेऊन परत समुद्रात पडले ते जेमतेम ५ टनांचे यान. बाकी सारे वाटेत सोडावे लागले. एवढ्यावरून परतणे किती महाग होते, ते ध्यानात येईल.

दोन देशांची चढाओढ

त्या काळी जगात दोन बलाढ्य देश होते. एक अमेरिका आणि दुसरा सोव्हिएत संघ. लोक त्याला रशियाच म्हणत. दोघांत वैर होते. कोण पुढे, याची दोघांत चढाओढ लागली होती.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुतनिक नावाचा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन या रशियन वैमानिकाने पृथ्वीला एक फेरी घातली. अंतराळात गेलेला तो पहिला माणूस. त्याच्या प्रवासाला १०८ मिनिटे लागली. पुढे जून १९६३ मध्ये व्हॅलेंटिना तेरेश्कोवा ही पहिली स्त्री अंतराळात गेली. त्याआधी ती कापडाच्या गिरणीत कामगार होती.

अमेरिका मागे पडली होती. तेव्हा २५ मे १९६१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी आपल्या संसदेत एक निश्चय सांगितला. हे दशक संपण्याआधी चंद्रावर माणूस उतरवायचा आणि त्याला सुखरूप पृथ्वीवर परत आणायचा.

हे दुसरे वाक्य विसरू नका. नुसते न्यायचे नाही, परत आणायचे. पुढची सारी मेहनत या दुसऱ्या वाक्यासाठी झाली. केनेडींना मात्र तो दिवस दिसला नाही. नोव्हेंबर १९६३ मध्ये त्यांचा खून झाला.

तिघे जमिनीवरच गेले

या मोहिमेचे नाव होते अपोलो. तिची सुरुवात दुःखाने झाली.

२७ जानेवारी १९६७ चा दिवस. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चाफी हे तिघे यानात बसून सराव करीत होते. यान जमिनीवरच होते. उड्डाण व्हायचे होते. यानात शुद्ध प्राणवायू भरलेला होता. कुठेतरी विजेची ठिणगी पडली आणि क्षणात आग भडकली. यानाचे दार आत उघडणारे होते. आतल्या दाबामुळे ते उघडलेच नाही. तिघेही गेले.

रशियालाही अशीच किंमत द्यावी लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये व्लादिमीर कोमारोव परत येताना त्याची हवाई छत्री नीट उघडली नाही. यान जमिनीवर आदळले आणि तो मरण पावला.

अमेरिकेने काम थांबवून चौकशी केली. चुका झाकल्या नाहीत, शोधल्या. यानाचे दार बदलले. ते आता बाहेर आणि झटकन उघडू लागले. पेट घेणाऱ्या वस्तू काढून टाकल्या. पुढे जे परत आले, ते या तिघांच्या मरणातून शिकलेल्या धड्यामुळे आले.

चंद्राला पहिली फेरी

डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ निघाले. त्यात फ्रँक बोरमन, जिम लव्हेल आणि बिल अँडर्स होते. ते चंद्रावर उतरले नाहीत, पण चंद्राभोवती दहा फेऱ्या घालून आले. चंद्राची पाठ आपल्याला पृथ्वीवरून कधीच दिसत नाही. ती माणसाने प्रथम डोळ्यांनी पाहिली.

चंद्राच्या करड्या जमिनीवरून त्यांना एक निळा गोळा उगवताना दिसला. ती आपली पृथ्वी. तिचा तो फोटो जगभर गेला. चंद्र पाहायला गेलेल्या माणसांना पृथ्वीच सर्वांत सुंदर दिसली.

२१ जुलै १९६९ ची सकाळ

१६ जुलै १९६९ रोजी अपोलो ११ निघाले. नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स हे त्यातले तिघे.

चंद्रावर उतरण्याची रीत अशी होती. मोठी नाव खोल पाण्यात उभी ठेवायची आणि लहान डोंग्याने काठावर जायचे. तसेच इथे केले. मोठे यान चंद्राभोवती फिरत राहिले. त्यात कॉलिन्स एकटा थांबला. ईगल नावाच्या लहान यानात बसून आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन खाली निघाले.

उतरताना यानातले गणकयंत्र धोक्याची सूचना देऊ लागले. यंत्रावर कामाचा बोजा जास्त झाला होता. पण ते यंत्र मुळातच विचारपूर्वक बांधलेले होते. कामे जास्त झाली तर कमी महत्त्वाची सोडायची आणि उतरण्याचे काम चालू ठेवायचे, अशी शिकवण त्यात घातलेली होती. ती तयार करणाऱ्या मंडळींची प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन ही एक बाई होती.

खाली पाहावे तर मोठमोठ्या दगडांनी भरलेला खड्डा. आर्मस्ट्राँगने यान हाताने पुढे नेले आणि सपाट जागा शोधली. ते टेकले तेव्हा उतरण्याचे इंधन एक मिनिटही पुरले नसते, इतके कमी उरले होते.

आपल्या घड्याळात तेव्हा २१ जुलैच्या रात्रीचे पावणेदोन वाजले होते. सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी आर्मस्ट्राँगचे पाऊल चंद्राच्या धुळीत पडले. तो सोमवार होता. आमगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. आपल्याकडे ते रोवणीचे दिवस. बायाबापडे चिखलात पाय रोवून धान लावतात, त्याच दिवसांत माणसाचा पाय चंद्रावर पडला. माणसाचे हे लहानसे पाऊल म्हणजे साऱ्या मानवजातीची मोठी झेप आहे, अशा अर्थाचे शब्द आर्मस्ट्राँग बोलला.

तिथे वजन सहापट कमी भरते. ६० किलोचे पोते १० किलोसारखे वाटते. वारा नाही, म्हणून धूळ उडत राहत नाही. पाऊस नाही, म्हणून पावलाचा ठसा पुसत नाही. आवाज नाही. दोघे सुमारे अडीच तास बाहेर फिरले. दगडमाती गोळा केली, काही उपकरणे ठेवली आणि यानात परतले.

खटका मोडला, पेन कामी आले

आता त्या बाईचा प्रश्न आला. परत कसे निघाले?

ईगलचे दोन भाग होते. खालचा भाग पाय असलेला. तो तिथेच ठेवायचा आणि त्याचाच ओटा करून वरचा भाग उडवायचा. वरच्या भागात इंजिन एकच. दुसरे नव्हते. ते पेटले तर घर, नाही पेटले तर चंद्रच घर. हे दोघे परतलेच नाहीत तर राष्ट्राध्यक्षांनी देशाला काय सांगायचे, याचेही भाषण लिहून तयार होते.

आणि नेमका त्या इंजिनाच्या विजेचा खटका मोडलेला आढळला. अवजड पोशाख घालून आत वावरताना कशाचा तरी धक्का लागला असावा. खटका आत दाबल्याशिवाय इंजिनाला वीज मिळणार नव्हती. बोट घालावे तर विजेची भीती. धातूची वस्तूही चालणार नव्हती. ऑल्ड्रिनजवळ एक रंगीत शाईचे पेन होते. त्याचे टोक त्याने त्या भोकात घातले आणि खटका दाबला. खटका बसला. वेळ येताच इंजिन पेटले. कॉलिन्स वर वाट पाहत होता. तिघे एकत्र झाले आणि २४ जुलैला प्रशांत महासागरात सुखरूप उतरले.

हे सांगितले तेव्हा आमच्या वर्गात सगळे हसले. आजीने आपल्या खिशातले, नव्हे, कमरेच्या बटव्यातले पेन काढून दाखवले. "मंग माझंबी जपून ठेवतो जी," ती म्हणाली.

शिवणाऱ्या आणि विणणाऱ्या बाया

चंद्रावर गेलेल्यांची नावे जगाला ठाऊक आहेत. पण अपोलोच्या कामाला सुमारे ४ लाख माणसांचे हात लागले होते. त्यांतल्या दोन कामांविषयी सांगतो.

पहिले काम अंतराळवीरांच्या पोशाखाचे. हा पोशाख म्हणजे अंगावर घातलेले घरच. त्यात हवा भरलेली. त्याला भोक पडले तर जिवाला धोका. हे पोशाख कुठल्या मोठ्या यंत्राने केले नाहीत. ते शिवले बायांनी, शिलाई मशीनवर बसून. बायकांची आतली वस्त्रे बनवणाऱ्या एका कंपनीतल्या त्या कारागीर. कापडाचे एकावर एक २१ थर. टाका केसभर सरकला तर ते काम बाद. आत एखादी टाचणी राहिली नाही ना, हे क्ष-किरणांनी तपासत.

दुसरे काम गणकयंत्राच्या स्मरणाचे. आजच्या मोबाईलमध्ये सगळे चिमूटभर चकतीत मावते. तेव्हा तसे नव्हते. यंत्राने काय करायचे, ते तारांनी विणून ठेवावे लागे. लहान लहान लोहकड्या असत. तार कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. कारखान्यात बसून बाया हजारो तारा अशा ओवत. एक तार चुकली तर यंत्राची अक्कल चुकली.

म्हणून आम्ही म्हणतो, चंद्रावर पाऊल दोघांनी ठेवले खरे, पण त्यांना परत आणण्यात सुईदोऱ्याचाही वाटा होता.

अर्ध्या वाटेवरून परत

त्यानंतर नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ जाऊन आले. लोकांना वाटले, आता हे रोजचेच झाले. मग आले अपोलो १३.

११ एप्रिल १९७० रोजी ते निघाले. जिम लव्हेल, जॅक स्वायगर्ट आणि फ्रेड हेज हे तिघे त्यात होते. पृथ्वीपासून ३ लाख किलोमीटरहून पुढे गेल्यावर प्राणवायूची एक टाकी फुटली. वीज गेली, हवा सुटू लागली, पाणी बनणे बंद झाले. चंद्रावर उतरणे राहिलेच. आता जीव वाचवायचा होता.

मोठे यान निकामी झाले, तेव्हा तिघे लहान यानात शिरले. ते दोन माणसांसाठी आणि दोन दिवसांसाठी केलेले. त्यात तिघांनी सुमारे चार दिवस काढायचे होते. वीज वाचवायला जवळजवळ सगळे बंद केले. आत गारठा पडला. पाणी घोटघोट प्यायचे.

त्यात नवे संकट आले. आपण श्वास सोडतो, त्यातला वाईट वायू साचू लागला. तो शोषून घेणारे डबे लहान यानात पुरेसे नव्हते. मोठ्या यानातले डबे होते, पण ते चौकोनी, आणि इथले भोक गोल. चौकोनी डबा गोल भोकात कसा बसणार?

पृथ्वीवरच्या मंडळींनी टेबलावर तेवढ्याच वस्तू मांडल्या, जेवढ्या त्या तिघांजवळ होत्या. प्लॅस्टिकची पिशवी, पुठ्ठा, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी. त्यातून जोडणी करून पाहिली. मग आधी काय, नंतर काय, ते पायरीपायरीने रेडिओवरून वाचून दाखवले. वरच्यांनी ऐकून तसेच केले. हवा शुद्ध होऊ लागली. बंद केलेले मोठे यान शेवटी पुन्हा कसे चालू करायचे, त्याची लांबलचक यादीही खालून वाचली गेली आणि वर कागदावर लिहून घेतली गेली. एक ओळ चुकून चालणार नव्हते.

१७ एप्रिल १९७० रोजी तिघे समुद्रात सुखरूप उतरले. चंद्रावर पाय न ठेवता परतलेली ही मोहीम. पण केनेडींचे दुसरे वाक्य हिनेच सर्वांत मोठ्या कसोटीवर खरे केले.

शेवटची पावले

पुढे १९७१ मध्ये अपोलो १४ आणि १५, १९७२ मध्ये १६ आणि १७ गेली. अपोलो १५ पासून चंद्रावर फिरायला एक विजेची गाडीही नेली. डिसेंबर १९७२ मध्ये यूजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट हे अपोलो १७ मधले दोघे चंद्रावरून निघाले. श्मिट हा खडकांचा अभ्यासक होता.

एकूण सहा वेळा मिळून १२ माणसे चंद्रावर चालली. त्यांनी ३८२ किलो दगडमाती आणली. चंद्राकडे गेलेला एकही अंतराळवीर तिकडे राहिला नाही. अपोलो १७ नंतर अर्धे शतक उलटून गेले, तरी चंद्रावर कोणी पाऊल ठेवलेले नाही.

रशियाचे काय झाले? त्यांचाही माणसे नेणारा मोठा अग्निबाण होता. १९६९ ते १९७२ या काळात तो चार वेळा उडवला आणि चारही वेळा फसला. शेवटी त्यांनी तो नाद सोडला.

अमेरिकेने का थांबवले? चढाओढ जिंकली होती आणि खर्च अफाट होता. गरिबांचा प्रश्न तेव्हाही होताच. अपोलो ११ निघण्याच्या आदल्या दिवशी राल्फ अबर्नाथी हे पुढारी खेचरांच्या गाड्या आणि गरीब लोक घेऊन उड्डाणाच्या ठिकाणी गेले होते. देशात माणसे उपाशी असताना चंद्रावर एवढा पैसा का, असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. तरी गेलेली माणसे सुखरूप परत यावीत, अशी प्रार्थनाही त्यांनी केली.

चंद्राचे दगड मुंबईत

ऑक्टोबर १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स जगाच्या दौऱ्यावर होते, तेव्हा ते आपल्या मुंबईलाही आले होते.

पण त्याहून मोलाची गोष्ट पुढची आहे. अपोलोने आणलेल्या दगडमातीचे नमुने अनेक देशांच्या शास्त्रज्ञांना तपासायला दिले गेले. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे नमुने तपासले. चंद्रावर हवेचे पांघरूण नाही. त्यामुळे अवकाशातून येणारे अतिसूक्ष्म कण तिथल्या दगडांत घुसतात आणि रेघा पाडतात. त्या रेघा पाहून हा दगड किती काळ उघड्यावर पडून होता, याचा हिशेब करता येतो.

चंद्रावर आपल्याला जो काळा ससा दिसतो, तो काय आहे, हेही दगडांनी सांगितले. ती थिजलेल्या लाव्हाची मैदाने आहेत. त्याला बेसाल्ट म्हणतात. आपल्या महाराष्ट्राचा मोठा भाग अशाच काळ्या खडकाचा आहे. विदर्भात बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. आकाशातून पडलेल्या मोठ्या दगडाने काळ्या खडकात पाडलेला तो खड्डा. चंद्रावरचे खड्डे समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारचा अभ्यास करतात. चंद्र पाहायचा तर बुलढाण्यालाही जावे, असे म्हटले तरी चालेल.

खरे कशावरून?

आता त्या तरुणाच्या शंकेकडे वळू. शंका घेणे वाईट नाही. शंका घेऊन न तपासणे वाईट.

पहिला पुरावा म्हणजे हे दगड. ते अमेरिकेनेच नव्हे, आपल्या मुंबईसकट देशोदेशींच्या प्रयोगशाळांनी तपासले. त्यांत पाण्याचा अंश जवळजवळ नाही आणि त्यांच्यावर सूक्ष्म कणांचे मारे आहेत. पृथ्वीवरचा दगड असा नसतो.

दुसरा पुरावा आरशांचा. अपोलो ११, १४ आणि १५ च्या माणसांनी चंद्रावर खास आरसे ठेवले. पृथ्वीवरून त्यांच्यावर लेसरचा प्रकाश सोडला, की अडीच सेकंदांत तो परत येतो. त्यावरून कळले, की चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर आपल्यापासून दूर सरकत आहे.

तिसरा पुरावा आपल्या घरचा. भारताचे चांद्रयान-२ चंद्राभोवती फिरत असताना त्याच्या कॅमेऱ्याने अपोलो ११ उतरले होते ती जागा टिपली. ईगलचा मागे ठेवलेला भाग तिथेच आहे.

चौथा पुरावा वैऱ्याचा. रशियाचे या मोहिमांवर बारीक लक्ष होते. लबाडी असती तर सर्वांत आधी त्यांनीच बोभाटा केला असता. तसे काही झाले नाही.

मोबाईलवर आलेली गोष्ट खरी की खोटी, हे असेच पाहावे. कोण सांगतो? पुरावा काय? दुसऱ्या कोणी तपासले का? हे तीन प्रश्न विचारले, की पुष्कळशा अफवा जागेवरच गळून पडतात.

आपली पाळी

भारताने चंद्राकडे अजून माणूस पाठवलेला नाही, पण यंत्रे पाठवली. २२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान-१ निघाले. त्याने चंद्रावर पाण्याच्या खुणा शोधायला मोठी मदत केली. २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा उतरणारा भाग चंद्रावर आदळला. साऱ्या देशाला वाईट वाटले. शास्त्रज्ञांनी चूक शोधली, दुरुस्त केली आणि २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरले.

ते नेणाऱ्या अग्निबाणाला आपल्या महाराष्ट्राचेही हात लागलेले आहेत. पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात त्याच्या मोठ्या नळकांड्यांचे भाग बनले. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात त्याच्या इंजिनांचे काम झाले. तिथेही वेल्डर आणि फिटर मापात केसभर फरक पडू देत नाहीत.

माणसांचे म्हणाल, तर राकेश शर्मा १९८४ मध्ये रशियाच्या यानातून अंतराळात गेले. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर राहून परत आले. २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचा, असे देशाने ठरवले आहे. ते जमेल तेव्हा जमेल. पण त्या निश्चयातही दुसरे वाक्य हवेच. न्यायचा आणि सुखरूप परत आणायचा.

एवढे सांगेपर्यंत दूध आटून दाट झाले होते. आजी चंद्राकडे पाहत होती. आम्हाला वाटले, तिला पटले नसावे. तिने विचारले, "म्हणजे त्यायच्या बायका तिकडं अशाच अंगणातून चंद्राकडं पाहत असतील, नाही का जी?"

आम्ही म्हणालो, "हो आजी. त्याही घरी वाट पाहत होत्या."

नागपूरला गेलेल्याची बायको तेव्हा काही बोलली नाही. तिने पाटी जवळ ओढली आणि घरधन्याला लिहायच्या पत्राची पहिली ओळ जुळवू लागली. 'सुखरूप' या शब्दातला 'रू' ऱ्हस्व की दीर्घ, एवढेच तिने विचारले. आम्ही सांगितले, "दीर्घ." मग सगळ्यांनी दूध घेतले.

वाचून झाल्यावर एकमेकांना विचारा

१. अग्निबाणाचे तीन टप्पे का केले?
२. अपोलो १३ च्या माणसांना चौकोनी डबा गोल भोकात कसा बसवता आला?
३. मोबाईलवर आलेली बातमी खरी की खोटी, हे पाहायला कोणते तीन प्रश्न विचाराल?
४. तुमच्या ओळखीत असे कोणते काम आहे, ज्यात केसभर चूक चालत नाही?